मोठीआईनं भंडारा उचलला नाही

मला पहिली फिट आली ती पांढरीवर. आमच्या वस्तीवरून इनामगावच्या अंगानं घोडनदीच्या कडेकडेनं चालत गेलं की मातीची ती टेकाडं लागायची, त्यालाच पांढरी म्हणायचे. मी कळती व्हायच्या आधी तिथं शिकलेली माणसं येऊन खणून गेली होती. फार जुन्या काळच्या लोकांची घरं सापडली आणि त्या घरांच्या भुईखाली मडक्यांत पुरलेली तान्ही लेकरं सापडली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. त्यामुळे तिन्हीसांजेला तिकडं कुणी फिरकायचं नाही. मी गेले होते ती भर दुपारी, शेळी सुटून तिकडं गेली होती म्हणून.

मला आठवतं ते एवढंच की गूळ करपल्यासारखा वास आला. आसपास कुठं गुऱ्हाळ नव्हतं. मग उजेडाला कडा आल्यासारखं झालं, आणि पुढचं काही नाही. डोळे उघडले तेव्हा दोन बायका माझ्याकडे बघत लांब उभ्या होत्या. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्त होतं, आणि परकर ओला झाला होता. मी नववीत होते. लाजेनं मला तिथल्या तिथं मरावंसं वाटलं. पण त्या बायकांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, भीती होती. मला बघून कुणी भ्यालंय, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

घरी नेल्यावर त्यातली एक आईला हळूच म्हणाली, "पोरीचा पाय मडक्यावर पडला बघा. लेकरू उठलं असंल आतलं."

आईनं त्याच रात्री दहीभात ओवाळून टाकला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बिरोबाचा भंडारा माझ्या कपाळाला लावला. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. आजोबांच्या काळात कालव्याचं पाणी आलं, तेव्हा त्यांनी मेंढरं विकून जमीन धरली. मेंढरं गेली, पण बिरोबा राहिला. वस्तीच्या टोकाला लिंबाखाली त्याचं छोटंसं देऊळ होतं. आप्पा रोज पहाटे तिथं जायचे आणि देव धुताना गुणगुणायचे. ते गाणं धड गाणंही नसायचं. मेंढरांना हाकारताना जसा गळ्यातून आवाज निघतो तसं काहीतरी असायचं. देवाशी बोलायची त्यांची ती रीत होती. मला तो आवाज फार आवडायचा, कारण त्यात मागणं नसायचं.

दुसरी फिट शाळेत आली. बाई फळ्यावर लिहीत होत्या, आणि करपल्या गुळाचा वास आला. त्यानंतर माझ्या बाकावर बसायला कुणी तयार होईना. हेडमास्तरांनी आप्पांना बोलावून, पोरगी बरी झाली की पाठवा म्हणून सांगितलं. मी घरी बसले.

आता मोठीआईबद्दल सांगायला हवं. मोठीआई म्हणजे माझी थोरली चुलती, आप्पांच्या मोठ्या भावाची बायको. तिचं माहेर दौंड तालुक्यातलं, राहूकडचं. काका मी लहान असतानाच विहिरीचं काम करताना गेले. मूलबाळ नव्हतं. आमच्या घराच्या पूर्वेला, मध्ये पाचपंचवीस पावलांचं अंगण आणि तुळशीवृंदावन, आणि पलीकडे तिचं पत्र्याचं खोपटवजा घर. घरं दोन होती, पण माझ्यासाठी ती एकच होती. माझी वेणी तीच घालायची. कंगव्यात निघालेले केस बोटाभोवती गुंडाळून ती कुडाच्या फटीत खोचायची. हुलग्याच्या शेंगोळ्या कराव्यात तर तिनंच. आईच्या हातच्या शेंगोळ्या मी नाक मुरडून खायचे आणि मग मोठीआईकडं जाऊन तिच्या हातच्या पुन्हा खायचे. यावरून आई रुसायची, पण ते रुसणं घरातलंच होतं.

फिटा वाढत गेल्या. महिन्यातून एकदा यायची ती आठवड्याला यायला लागली. अंगारे झाले, उतारे झाले, पांढरीवर जाऊन नारळ झाला. मग कुणीतरी लांबच्या गावचा एक देवऋषी सांगितला. आप्पा आधी नको म्हणत होते. "बिरोबा हाय की आपला," एवढंच म्हणायचे. पण एकदा अंगणात पडून माझं डोकं दगडावर आपटलं आणि रक्त बघून आईनं टाहो फोडला, त्या दिवशी आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी देवऋषी आला.

तो आवाज चढवणारा नव्हता, अगदी हळू बोलायचा. त्याच्या हळू बोलण्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यानं मला पाटावर बसवलं, मिरच्यांची धुरी दिली आणि लिंबाच्या डहाळीनं पाठीवर मारत विचारत राहिला, "कोन हाय? नाव सांग. कोन हाय?" मला खोकल्यानं बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हणत होते, "मीच हाय, मीच हाय," आणि आई शेजारी हात जोडून बसली होती. मी तिच्याकडं बघितलं तर तिनं नजर खाली वळवली.

शेवटी तो आप्पांना म्हणाला, "हे पांढरीवरचं न्हाई. मेलेल्याचं न्हाईच हे. जित्या माणसाचं हाय."

"म्हंजी?" आप्पांनी विचारलं.

"उगवतीच्या घरातलं. जिथं एकच चूल, एकच माणूस. जिची वटी रिकामी ऱ्हायली, अशा बाईचं." एवढं बोलून त्यानं हात धुतले. नाव त्यानं घेतलंच नाही, आणि ते घ्यायची गरजही नव्हती.

जाताना त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. डॉक्टरचं औषध घेऊ नका. बाहेरच्या गोष्टीला औषध दिलं की ती उलटते आणि जीव घेऊनच जाते.

त्या संध्याकाळी आई मोठीआईच्या कुडाजवळ गेली आणि फटीतून केसांचे गुंडाळे काढून पदरात घेऊन आली. माझेच केस होते ते. मोठीआईनं वर्षानुवर्षं तिथं खोचलेले. आपल्याकडं सगळ्याच बायका खोचतात तसे. पण आईनं ते चुलीसमोर मांडले तेव्हा मला ते केस म्हणून दिसेनात. ते काहीतरी जपून ठेवलेलं, साठवलेलं असं दिसायला लागलं. आणि मग मला आठवत गेलं, तिच्या हातचं मी काय काय खाल्लं होतं. शेंगोळ्या, सांजोऱ्या, दशम्या. मी उठून बाहेर गेले आणि उलटी केली.

भीती अशी आत शिरते, हे मी तेव्हा बघितलं. ती नवीन काही आणत नाही. आपल्याजवळ असलेलंच एकेक उचलून उलटं करून ठेवते. नंतरच्या फिटांच्या आधी, त्या कडा आलेल्या उजेडात, मला मोठीआईचा चेहरा दिसायला लागला. खरंच दिसायचा. आज मला कळतं की तो माझ्याच डोक्यातून येत होता. पण तेव्हा मी आईला सांगितलं, "मला मोठीआई दिसती." त्यानंतर घरात कुणाला शंका उरली नाही.

आप्पांचं गुणगुणणं बंद झालं. ते देवळात जायचे, पण आता उदबत्त्या दुप्पट लावायचे आणि वात सरळ जळते की थरथरते हे उकिडवे बसून बघत राहायचे. वात हलली की पुन्हा लावायचे. परत येताना तीनतीनदा मागं वळून बघायचे. देव तोच होता, पण आप्पा त्याच्याकडं जायचे ते आता चौकीवर हजेरी द्यायला गेल्यासारखे.

भावकीतल्या लोकांनी ठरवलं की मोठीआईनं देवासमोर भंडारा उचलावा. आमच्याकडं ही सगळ्यात मोठी शपथ. हातात भंडारा घेऊन खोटं बोललं तर वंश बुडतो असं मानतात, त्यामुळे खरं बोलणाऱ्यालाही तो उचलताना घाम फुटतो. सगळ्यांत वयस्कर असलेल्या आबांनी निरोप दिला. सकाळची वेळ होती. लिंबाखाली माणसं जमली, बायका मागं उभ्या राहिल्या. मला आईनं तिच्या पाठीमागं, तिच्या पदराआड उभं केलं होतं. मला मोठीआईची नजर लागू नये म्हणून.

मोठीआई एकटी चालत आली. डोक्यावरून पदर, अनवाणी. देवासमोर तिनं डोकं टेकलं आणि उभी राहिली.

आबा म्हणाले, "हे बघ, आमी काय तुझं वैरी न्हाई. एक मूठ भंडारा उचल आन् सांग, मी पोरीचं वाईट चितलं न्हाई. विषय मिटला. पुन्यांदा कुणी तुझं नाव घेणार न्हाई."

ताटात पिवळाधमक भंडारा होता. मोठीआईनं हात पुढं केला. मी आईच्या खांद्यावरून बघत होते. मनातल्या मनात मी म्हणत होते, उचल, मोठीआई, उचल. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ती हवी होती. तिनं उचलला असता तर मला माझी मोठीआई परत मिळाली असती.

तिचा हात ताटाजवळ गेला, थांबला, आणि मागं आला.

"मला न्हाई जमायचं," ती म्हणाली.

"का? का न्हाई जमायचं?" आबांनी विचारलं.

"न्हाई जमायचं, आबा." तिनं पुन्हा डोकं टेकलं आणि आली तशी निघून गेली. कुणी तिला अडवलं नाही. बायकांनी वाट देताना लुगडी आवरून घेतली, तिचा वाराही लागू नये अशी. मग माझी आई तिथंच मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. आप्पा लिंबाच्या बुंध्याला धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या दोघा पोरांनी आमच्या अंगणात, दोन्ही घरांच्या मधोमध, बाभळीच्या काट्यांचा कुंपणासारखा आडवा फेसाटा रचला. छातीइतका उंच. आप्पांनी रचा म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही.

तिच्याशी बोलणं बंद झालं. झेंडूच्या तोडणीला तिला कुणी बोलवेना. एका संध्याकाळी तिच्या पत्र्यावर दगड पडले. तो आवाज आम्ही आमच्या घरात बसून ऐकला. आई दार लावून घेत म्हणाली, "त्यांच्यात्यांच्यात काय ते बघू दे." ते दगड कोण मारतंय हे तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

त्या दिवसांत मी झोपायलाही भ्यायचे आणि जागं राहायलाही. काट्यांच्या पलीकडून कधी भांड्याचा आवाज आला, कधी तिचा खोकला ऐकू आला की माझे हातपाय गार पडायचे. आणि तरी मी कान देऊन असायचे. आवाज आला नाही तर त्याहून जास्त भीती वाटायची.

कांदा काढणीच्या दिवसांत एकदा आई आणि आप्पा खालच्या वावरात गेले होते. मला घरात बसून राहायला सांगितलं होतं. सकाळ उलटून गेलेली. मला चहाची तलफ आली. चूल धुमसत होती, मी दोन काटक्या सारल्या, फुंकणीनं फुंकलं, जाळ झाला. भगुणं ठेवायला वाकले आणि गुळाचा वास आला. मागं सरकायचं कळलं होतं, पण अंग सरकलं नाही.

जागी झाले ती अंगणात. आकाश दिसत होतं. डावा हात कोपरापर्यंत कुणी सोलून काढल्यासारखा जळत होता. माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं आणि वरून आवाज येत होता, "बिरोबा, बिरोबा, बिरोबा." मी मान वळवली तर मोठीआईचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर वाकलेला होता. फिटेच्या आधी दिसायचा तसाच, तितकाच जवळ.

मी किंचाळले. जीव जाईस्तोवर किंचाळले. "सोड मला, सोड, आई गं, हिनं धरलं."

तिनं सोडलं नाही. "हात हलवू नको, बाळ, हात हलवू नको," म्हणत राहिली. शेजारच्या वावरातली माणसं धावत आली. त्यांनी काय बघितलं असेल ते मी समजू शकते. भाजलेली पोर, किंचाळणारी, आणि तिला मांडीवर दाबून धरलेली ती बाई. एका बाईनं मोठीआईचे केस धरून तिला मागं ओढलं. दुसऱ्या एकानं लाकूड उचललं. मोठीआईनं तोंडावर हातही धरला नाही. ती माझ्या हाताकडं बोट दाखवून म्हणत होती, "पानी घाला. आधी त्यावर पानी घाला."

तेवढ्यात आप्पा पोचले, मागोमाग आई. आल्या आल्या ते थबकले. मला वाटलं ते तिच्यावर धावून जातील. पण ते काट्यांकडं बघत होते. फेसाटा मधोमध तिच्या बाजूनं फाटला होता, आणि त्याच्यात लुगड्याचा मोठा धांदोटा अडकून लोंबत होता. तिथून आमच्या दारापर्यंत भुईवर रक्ताचे ठिपके होते. मोठीआईच्या पायांत काटे तसेच होते. पोटऱ्यांवर, हातांवर, कपाळावर सगळीकडं ओरखडे होते. दारातून आत चुलीजवळ भगुणं उलटं पडलेलं दिसत होतं.

"सोडा तिला," आप्पा म्हणाले.

"आवं, पोरगी जाळली हिनं..."

"सोडा म्हनतो ना!" आप्पांचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लाकूड खाली आलं.

झेंडू घेऊन दौंडला निघालेला एक टेम्पो रस्त्यावर होता. त्याच्या केबिनमध्ये आईनं मला मांडीवर घेतलं आणि आप्पा मागं फुलांच्या गोण्यांवर बसले. मोठीआईला बरोबर घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. टेम्पो हलला तेव्हा ती अंगणात बसून पायातला काटा काढत होती.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात धुऊन पट्टी बांधली आणि विचारलं, "चुलीत हात गेलाच कसा? मागं घेतला नाही तिनं?"

आप्पा म्हणाले, "तिला फिटा येतात."

आईनं लगेच म्हटलं, "फिटा न्हाईत, बाई. बाहेरचं हाय ते."

मला वाटलं आता बाई रागावणार. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली आणि मलाच विचारलं, की आधी काय होतं, कसं वाटतं. मी गुळाचा वास सांगितला. मडक्यातल्या लेकराबद्दल मी सांगितलं नाही, मोठीआईच्या चेहऱ्याबद्दल पण नाही. त्या ऐकून म्हणाल्या, हा आजार आहे, खूप जणांना असतो. मेंदूत वायरिंग असल्यासारखं असतं, एखादी वायर सैल झाली की ठिणगी उडते. गोळ्या घ्यायच्या, रोज, एकही चुकवायची नाही, दोनतीन वर्षं.

घरी आल्यावर आईनं ती गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यात ठेवली आणि ती तिथंच राहिली. त्या दिवशी गोळी दिली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. औषध दिलं की उलटतं, जीव घेतं, हे त्या माणसाचं हळू आवाजातलं बोलणं आईच्या कानातून जात नव्हतं. आप्पा दोनदा म्हणाले, "दे तिला." आई पुडीला हात लावायची आणि मागं घ्यायची.

तिसऱ्या दिवशी तिनं मला समोर बसवलं. गोळीला भंडारा लावला. एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा तांब्या. पाणी सांडून माझ्या मांडीवर पडलं. "काय झालं तर मला माफ कर गं," ती म्हणाली. मी तोंड उघडलं. मला वाटलं, ही गोळी गिळली की मी मरणार. खरंच वाटलं. आईलाही वाटत होतं. आणि तरी तिनं ती माझ्या जिभेवर ठेवली, आणि मी गिळली. मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघत किती तरी वेळ तशाच बसून राहिलो. मला फक्त झोप आली.

फिटा एकदम गेल्या नाहीत. आधी अंतर वाढलं, मग त्या हलक्या झाल्या, आणि पुढच्या कांद्याची लागवड येईपर्यंत पार थांबल्या. गुळाचा वास येईनासा झाला.

काट्यांचा फेसाटा आप्पांनी एका सकाळी एकट्यानं उचलून बांधाला नेऊन टाकला. मोठीआई तिच्या दारात भांडी घासत होती. आप्पांना माफी मागता येत नव्हती. आमच्याकडं पुरुषांना ती गोष्ट कुणी शिकवलेलीच नसते. त्यांनी तिच्या विहिरीच्या मोटरीचा फुटका पाइप बसवून दिला, तिच्या छपराचे पत्रे बदलले. आई मात्र त्या अंगणापलीकडं जाईना. फिटा थांबल्या होत्या, पण तिची भीती थांबली नव्हती. तिचं म्हणणं एकच, "मग भंडारा का न्हाई उचलला तिनं?" तेच मलाही तिला विचारायचं होतं.

म्हणून मीच गेले. दुपारी, सगळ्यांच्या देखत, ते अंगण चालत ओलांडलं. तिनं मला बघितलं आणि बस म्हणाली, जणू मी कालच येऊन गेले होते. माझा भाजलेला हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. "कातडी चांगली आली," म्हणाली.

मी विचारलं, "मोठीआई, तू भंडारा का न्हाई उचललास?"

तिनं त्या कातडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "खोटं कसं बोलू देवाम्होरं?"

मी हात मागं ओढू पाहिला.

"तुला न्हान आलं तवा आईनं वटी भरली तुझी," ती सांगू लागली. "मी नारळ आन् खण घेऊन आले व्हते. तुझी आई म्हनली, आक्का, तुमी मागं थांबा, तुमी म्होरं येऊ नका. चूक न्हाई तिची. रीत हाय. पन मला लई लागलं गं. वेनी मी घालायची, आन् वटीला मी नगं. मी घरी आले, दार लावलं आन् बिरोबाला म्हनले, पोरीच्या आईलाबी कळू दे रिकामी वटी काय असती. त्याच्यानंतर म्हयना झाला न्हाई आन् तू पांढरीवर पडलीस."

ती माझा हात सोडत नव्हती.

"सगळी म्हनत व्हती हिनं केलं. आन् मला वाटायचं, केलंच की मी. लिंबू न्हाई, बाहुली न्हाई, पन बोलले तर व्हते. देवानं ऐकलं असंल तर? मी रोज त्याला म्हनायची, माझं ते बोलनं माघारी दे. पोरीचं मला दे. मग भंडारा उचलून कसं म्हनू, की मी वाईट चितलं न्हाई?"

मी विचारलं, "मग त्या दिवशी आलीस कशी? मला हात लावायची तुला भीती न्हाई वाटली?"

"वाटली की. माझ्या हातानं तुझं आनखी वाईट व्हईल असं वाटलं. भगुन्याचा आवाज आला, आन् कातडं जळाल्याचा वास. काट्यापाशी आले आन् थांबले. मग म्हनलं, बिरोबा, तुला काय करायचं ते कर. आन् घुसले."

मी तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. मेंदू, वायर, ठिणगी. ती मन लावून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आन् ती वायर सैल कुनी केली?"

याचं उत्तर मला डॉक्टरीणबाईंनी दिलं नव्हतं. मी म्हटलं, "कुनीच न्हाई. तशीच होती." तिला ते पटलं की नाही कुणास ठाऊक. तिनं उठून शेंगोळ्यांचं पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी मी तिच्या हातचं खाल्लं. पहिला घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला, हे खरं आहे. दुसरा सरळ गेला.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला जे हवं होतं तेच मिळालं असतं, आणि काटे पुन्हा रचले गेले असते.

माझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी मोठीआईला टायफॉइड झाला. उठताही येईना. तिच्याकडं बघायला कुणी नव्हतं. पहिले दोन दिवस मीच करत होते. तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तर आई तिच्या उशाशी बसलेली. केव्हा आली, काय म्हणून आली, मला माहीत नाही. ती ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत होती आणि तिचा चेहरा मात्र कावराबावरा होता, दारातून कुणी येतंय का बघत असल्यासारखा. तिची भीती गेलेली नव्हती. ती भीती घेऊनच आली होती.

मग ती रोज येऊ लागली. एक दिवस ताप उतरल्यावर मोठीआईला भिंतीला टेकवून बसवलं आणि आई तिच्या केसांतली गुंत सोडवायला बसली. मी खाली भांडी विसळत होते. आईनं कंगवा थांबवला आणि विचारलं, "आक्का, एक विचारू? तवा भंडारा का न्हाई उचलला तुमी?"

मोठीआईनं माझ्याकडं बघितलं. नुसती एक नजर. मग तिनं डोळे मिटून घेतले.

"भ्याले गं," ती म्हणाली. "येवढी मान्सं, त्यो देव, त्ये ताट. भ्याले."

आईनं पुन्हा केस हातात घेतले.

"मीबी लई भ्याले व्हते, आक्का," ती म्हणाली.

कंगव्यात आलेले केस तिनं बोटाभोवती गुंडाळले आणि इकडंतिकडं बघून माझ्या हातात दिले. "जा, टाकून ये," म्हणाली. मी ते बाहेर नेऊन उकिरड्यावर टाकले. परत आले तेव्हा दोघी पेजेत मीठ कमी पडलं की जास्त यावरून बोलत होत्या.